भूक पोटाची की मनाची?

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत एक कथा आहे. भृगू आपला पिता वरुण याच्याकडे जातो आणि ब्रह्म म्हणजे काय, असे विचारतो. पिता थेट उत्तर न देता, तप करून ते स्वतःच जाणून घे, असे सांगतो. भृगू तप करतो आणि अन्न हेच ब्रह्म होय, अशा निर्णयाप्रत येतो. जीवमात्र अन्नातून निर्माण होते, अन्नावर पोसले जाते आणि अखेर अन्नरूप होऊन जाते, हे त्याला दिसलेले असते. एवढे उमगूनही त्याचे समाधान होत नाही. तो पुन्हा पित्याकडे येतो, पुन्हा तप करतो. अन्नानंतर प्राण, प्राणानंतर मन, मनानंतर विज्ञान आणि शेवटी आनंद, अशा पायऱ्या तो चढत जातो.

या कथेचा आध्यात्मिक अर्थ आचार्यांनी विस्ताराने सांगितला आहे. तिला एक साधा, घरगुती अर्थही आहे, तो मात्र सहसा सांगितला जात नाही. अन्न ही पहिली पायरी आहे. ती खोटी नाही, तुच्छ तर मुळीच नाही. परंतु ती पहिलीच आहे. त्याच उपनिषदाने माणसाचे अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय असे एकात एक असलेले कोश वर्णिले आहेत. अन्नमय कोशाची गरज अन्नाने भागते. मनोमय कोशाला जे हवे असते, ते मागण्यासाठी त्याच्याजवळ मात्र वेगळे तोंड नाही. तो अन्नमय कोशाच्याच तोंडाने मागतो, आणि मग त्या तोंडात अन्न जाते. ज्याने मागितले त्याला ते पोहोचते किंवा नाही, हा प्रश्न केवळ ग्रंथातील नव्हे. तो अनेक घरांच्या स्वयंपाकघरांत रोज रात्री उभा असतो.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरधनी जाऊन वर्ष होत आले आहे. मुलगा नोकरीनिमित्त परगावी, मुलगी सासरी. घरात बाई एकटी. दिवस कसाबसा जातो. दळण असते, बँकेतील काम असते, सायंकाळी देवळात आरती असते. रात्रीचे जेवणही वेळेवर झालेले असते. तरी अकराच्या सुमारास ती अंथरुणातून उठते, दिवा न लावता फडताळातील डबा काढते आणि ओट्याशी उभी राहूनच दोन, चार, सहा करंज्या खाते. चव कळत नाही. डब्याचे झाकण वाजू नये म्हणून ती जपते. वास्तविक तो आवाज ऐकायला घरात कोणीही नसते. मग अंथरुणावर पडल्यापडल्या तिला स्वतःची लाज वाटते आणि उद्या निर्जळी उपवास करण्याचा निश्चय करून ती झोपी जाते.

त्याच गावात दुसऱ्या घरी, कचेरीत चारचौघांत झालेला अपमान गिळून आलेला गृहस्थ पिशवीतून बाटली काढतो. त्याला पिण्याची हौस आहे, असे म्हणावे तर त्याच्या चेहऱ्यावर हौसेची खूण दिसत नाही. औषध घ्यावे तसा तो पहिला पेला घेतो.

या दोघांच्या वर्तनाला काय म्हणावे? शेजारी त्याला हावरटपणा म्हणतात, नातेवाईक व्यसन म्हणतात, ती दोघे स्वतः त्याला पाप म्हणतात. तीर्थक्षेत्री येणाऱ्या भाविकांमध्ये अशी माणसे थोडी नसतात. देवापुढे उभे राहून ती मनात हीच कबुली देत असतात आणि नवा निश्चय मागून घेऊन जातात. म्हणून या प्रश्नाचा नीतीच्या अंगाने थोडा विचार होणे अगत्याचे आहे.

मराठी भाषेने या बाबतीत एक गोष्ट फार पूर्वीच ओळखलेली दिसते. या भाषेत माणूस राग गिळतो, आवंढा गिळतो, अपमान पचवतो, दुःख पोटात ठेवतो. कोणाची चूक पोटात घालतो, मत्सराने त्याच्या पोटात दुखते, मायेने पोटात कालवते. मनाचे बहुतेक व्यवहार भाषेने पोटाकडे सोपवून दिले आहेत. मग जे बोलता आले नाही, रडता आले नाही, ते गिळण्यासाठी सोबत एखादा घास किंवा घोट लागावा, यात नवल कसले?

हे शिक्षण पाळण्यापासूनच सुरू होते. रडणाऱ्या मुलाच्या हातात लाडू देणे हा मायेचा सहज उद्गार आहे आणि त्यात दोष काढण्याचे कारण नाही. परंतु मूल पडले म्हणून रडो, घाबरले म्हणून रडो, की आई दिसेना म्हणून रडो, प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळाले, तर त्या मुलाला आपल्या आतील निरनिराळ्या अवस्थांची ओळख कशी पटावी? हिल्डे ब्रुख या जर्मनीत जन्मलेल्या व पुढे अमेरिकेत कार्य केलेल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी अतिखाणे आणि अन्नत्याग या दोन्हींनी ग्रस्त असलेल्या रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाला. यातील काही माणसांना भूक आणि इतर अस्वस्थता यांतील भेद ओळखताच येत नाही, आणि त्याचे मूळ बालपणी मिळालेल्या अशा एकसारख्या उत्तरांत असू शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शरीरशास्त्रही याला दुजोरा देणारे काही सांगते. अचानक भय उत्पन्न झाले असता भूक मरते. मात्र काळजी दिवसेंदिवस रेंगाळत राहिली तर शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेले राहते आणि पुष्कळ माणसांची ओढ गोड व तेलकट पदार्थांकडे वळते. परीक्षेच्या सकाळी घास न उतरणारा विद्यार्थी निकालाची वाट पाहताना महिनाभर फरसाण खात बसतो, यात विसंगती नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात वेगांचा, म्हणजे शरीर व मन यांतून उठणाऱ्या आवेगांचा विचार आहे. तेथे दोन याद्या दिल्या आहेत आणि त्या शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. पहिल्या यादीत कधीही अडवू नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत. मलमूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, निद्रा इत्यादी. दुसऱ्या यादीत आवर घालावा असे वेग आहेत. लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर इत्यादी. आता, अश्रू कोणत्या यादीत असावेत? शोक आवरावयाचा आहे, म्हणून अश्रूही आवरावयाचे, असे कोणालाही वाटेल. परंतु चरकाने अश्रूंना भूक आणि तहान यांच्या पंक्तीला, न अडवावयाच्या वेगांत बसविले आहे. अश्रू रोखल्याने होणाऱ्या विकारांत त्याने हृद्रोग सांगितला आहे आणि अरुचीही, म्हणजे अन्नाची चव जाणे, सांगितली आहे. अंधारात उभ्याने करंज्या खाणाऱ्या त्या बाईला चव का कळत नाही, याचे एक उत्तर तेथे मिळते. शोकाच्या आहारी जाऊ नये हे खरे. पण डोळ्यांतील पाणी वाहू द्यावे. शोकाचा विवेक आणि अश्रूंचा निरोध या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुलगे रडत नसतात, असे सांगून वाढविलेल्या पुरुषांच्या पिढ्यांनी या दोहोंची गल्लत केली आणि त्यांतील कित्येकांचे अश्रू पेल्याच्या वाटेने बाहेर पडले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. अश्रू रोखल्याने झालेल्या विकारांवर चरकाने तीन उपाय सांगितले आहेत: निद्रा, मद्य आणि प्रिय कथा, म्हणजे मनाला रुचेल असे संभाषण. होय, मद्यही. प्राचीन ग्रंथ वाचताना गैरसोयीचा शब्द वगळून पुढे जाण्याची सवय अनेकांना असते, पण ती बरी नव्हे. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात मदात्यय या मद्यजन्य विकारावर एक संपूर्ण अध्याय खर्ची पडला आहे, हेही तितकेच खरे. वैद्याने नेमून दिलेली मात्रा निराळी आणि रात्री एकट्याने ओतलेला पेला निराळा. आजच्या ज्ञानाप्रमाणे तर पहिल्या थेंबापासूनच मद्याचा धोका सुरू होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. मद्याने डोळा लवकर लागतो, परंतु उत्तररात्रीची झोप मोडते आणि सकाळी तीच काळजी अधिक तीव्र होऊन समोर येते. अर्थात तीन उपायांपैकी हा एक उरलेल्या दोहोंचा शत्रू ठरतो. तो झोपही नेतो आणि कालांतराने बोलणारी माणसेही. दुःखी माणसाला तिघांतून मधला तेवढा आठवतो, ही खरी अडचण आहे. तिसरा उपाय, जवळच्या माणसाशी दोन गोष्टी बोलणे, त्याला पैसा लागत नाही, आणि तरी तोच सर्वांत दुर्मीळ झाला आहे.

मग दोष कोणाचा? चरकाने रोगांच्या कारणांत प्रज्ञापराध ही एक मोठी कल्पना मांडली आहे. धी, धृती आणि स्मृती या तिन्ही ढळल्या म्हणजे माणसाकडून जे अहितकर कर्म घडते, ते प्रज्ञापराध होय. धी म्हणजे हित कोणते व अहित कोणते हे जाणणारी बुद्धी. धृती म्हणजे मनाला आवरून धरणारी शक्ती. स्मृती म्हणजे जाणलेले योग्य क्षणी आठवणे. लोकव्यवहारात अशा माणसावर जो आरोप होतो, तो जवळजवळ नेहमी धृतीचा असतो. मनाचा निग्रह नाही, जिभेवर ताबा नाही, इच्छाशक्ती कमी. त्या आरोपाने माणूस खचतो. खचल्यामुळे पुन्हा डब्याकडे किंवा बाटलीकडे वळतो. आणि आरोप करणाऱ्यांना आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटते.

वास्तविक त्या बाईची धृती मोठी आहे. आजारी पतीची सेवा जिने वर्षानुवर्षे केली, जिने सूतकाचे दिवस कोरड्या डोळ्यांनी पार पाडले, तिला मन आवरता येत नाही, असे कोण म्हणेल? किंबहुना ती फार आवरते. तिची बुद्धीही शाबूत आहे. मधुमेहाचा धोका तिला डॉक्टरांइतकाच ठाऊक आहे. अकरा वाजता अंधारात जे हरपते, ते तिसरे आहे. त्या क्षणी तिला आठवत नाही की पोट भरलेले आहे, आणि रिकामी आहे ती शेजारची खाट.

दोष स्मृतीचा असेल, तर उपायही स्मृतीचाच हवा. याचे एक सुंदर उदाहरण बौद्धांच्या संयुत्त निकायात, दोणपाक सुत्तात आले आहे. कोसल देशाचा राजा पसेनदी द्रोणभर भाताचे जेवण जेवीत असे. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकीत तो बुद्धांच्या भेटीस आला. बुद्धांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही, उपवासही सांगितला नाही. जागरूकपणे आणि मात्रा ओळखून जेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात, अशा आशयाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाने जवळच उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करून घेण्यास सांगितले आणि दररोज जेवणाच्या वेळी ती आपल्यासमोर म्हणण्याचे काम त्याच्याकडे दिले. त्यासाठी दररोज शंभर कार्षापण वेतन ठरले. राजाचा आहार हळूहळू उतरत नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले.

या कथेतील वेतनाचा तपशील गंमतीचा वाटतो, पण मर्म तेथेच आहे. राजाला गाथा कळली होती. ती त्याला स्वतःलाही पाठ करता आली असती. परंतु ताट समोर आल्यावर आपल्याला ती आठवणार नाही, हे त्याने ओळखले आणि आठवण करून देणारा माणूस शेजारी उभा केला. स्वतःच्या दुर्बलतेचा असा हिशेब आगाऊ मांडून ठेवण्यात कमीपणा नाही. महाराष्ट्रातील घरांत जेवणापूर्वी श्लोक म्हणण्याची आणि ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालण्याची रीत होती, तिचे धार्मिक प्रयोजन काहीही असो, तिने हात आणि तोंड यांच्यामध्ये काही क्षणांचे अंतर ठेवले होते. त्या अंतरात माणूस स्वतःला विचारू शकतो, ही भूक कोणाची? पोटाची भूक हळूहळू चढते आणि भाकरी-पिठल्यावरही शांत होते. मनाची भूक एकाएकी येते, तिला अमुकच पदार्थ हवा असतो, आणि पोट भरले तरी ती थांबत नाही.

ही कसोटी उपयोगाची आहे, पण ती आंधळेपणाने लावू नये. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी, सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे सगळे धरणारी गृहिणी रात्री डब्यापाशी सापडली, तर तिची भूक मनाची नसून अगदी खरीखुरी पोटाचीच असू शकते. तिला संयमाचा उपदेश करण्यापेक्षा वेळेवर वाढलेले ताट देणे हा न्याय होय.

यावरून कडक उपवासाचा प्रश्न येतो. अतिखाण्याची लाज वाटली की पहिला निश्चय उपवासाचाच होतो, आणि भाविक माणसाला तो पुण्यप्रद वाटतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात मात्र भगवंतांनी योग अतिखाणाऱ्याला साधत नाही तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे सांगून दोघांना एकाच ओळीत उभे केले आहे. सतराव्या अध्यायात तर शरीराला व्यर्थ पीडा देणाऱ्या तपाला त्यांनी आसुरी म्हटले आहे. या वचनांची सत्यता एका वेगळ्याच ठिकाणी प्रत्ययास आली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने उपासमारीचे परिणाम तपासण्यासाठी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अपुऱ्या आहारावर ठेवले. ते तरुण खिन्न, चिडखोर झाले; दिवसभर त्यांच्या मनात अन्नाखेरीज विषय उरला नाही; काहीजण पाककृतींची पुस्तके वाचीत बसू लागले. पुन्हा हवे तेवढे अन्न मिळू लागल्यावर त्यांपैकी कित्येकांना पोट भरल्याची जाणीवच होईना. निरोगी मनाच्या तरुणांची ही गत, तर आधीच दुःखी असलेल्या माणसाने लाजेपोटी धरलेला निर्जळी उपवास त्याला रात्री कोठे नेऊन सोडील, हे सांगावयास नको. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण चेष्टेची खरी, पण तिच्यात हे निरीक्षण दडलेले आहे. उपवास या शब्दाचा मूळ अर्थ जवळ राहणे असा आहे. स्वतःला शिक्षा म्हणून केलेल्या लंघनात ते जवळ राहणे कोठेच नसते. ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत, त्यांनी तर वैद्यकीय सल्ल्यावाचून निर्जळी उपवास करूच नये.

मद्याच्या बाबतीत याहून अधिक सावधगिरी हवी. तीर्थक्षेत्री येऊन तुळशीची माळ घालावी आणि त्या दिवसापासून दारू सोडावी, ही वारकरी संप्रदायातील परंपरा असंख्य कुटुंबांना तारणारी ठरली आहे. तथापि जो मनुष्य वर्षानुवर्षे दररोज भरपूर पीत आला आहे, त्याने एकाएकी पूर्ण थांबविले असता काही तासांतच हातापायांना कंप सुटू शकतो, घाम फुटतो; पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात, आणि वेळीच उपचार न झाल्यास प्राणावरही बेतू शकते. घरचे लोक याला देवाचा कोप किंवा बाहेरची बाधा समजतात आणि मोलाचा वेळ दवडतात. माळ जरूर घालावी. पण आधी डॉक्टरांना दाखवावे, किंवा दाखवून येऊन मग घालावी. शपथेचे पावित्र्य त्याने उणे होत नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. देशपांडे यांच्या साह्याने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. आज महाराष्ट्रात अशी इतरही केंद्रे आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १४४१६ या शासनाच्या विनामूल्य दूरध्वनी सेवा आहेत. त्यांपैकी १४४१६ ही टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून तिच्यावर मराठीतही बोलता येते. ज्यांचे अतिखाणे वारंवार, ताब्याबाहेर आणि लपूनछपून होते, त्यांच्यासाठीही ती खुली आहे. अशा अतिखाण्याला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली, म्हणजे त्याला उपचार आहेत.

बाटलीऐवजी दूरध्वनी उचलण्याची एक घटना तर इतिहासातच नोंदली गेली आहे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक व्यावसायिक अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अॅक्रन शहरी एका हॉटेलात उतरला होता. अनेक वर्षांच्या दारूनंतर त्याने काही महिन्यांपूर्वीच पिणे थांबविले होते. ज्या कामासाठी तो आला होता ते फसले. खिशात पैसा थोडा, शहर परके, आणि हॉटेलच्या मद्यगृहातून हास्यविनोद ऐकू येत होता. त्याने तिकडे न जाता दूरध्वनी गाठला आणि तेथील धर्मगुरूंच्या यादीतून क्रमांक शोधून, आपल्याला दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोलावयाचे आहे, अशी विचारणा सुरू केली. त्यातून बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी त्याची गाठ पडली. तेही असेच दारूत बुडालेले. पंधरा मिनिटांपुरते भेटू, असे म्हणून आलेले डॉक्टर काही तास बोलत बसले. १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा पेला घेतला, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या आज जगभर पसरलेल्या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. विल्सन यांनी डॉक्टरांना बोध करण्यासाठी ती भेट मागितली नव्हती. त्या सायंकाळी आपण पिऊ नये म्हणून त्यांना कोणाशी तरी बोलावयाचे होते. चरकाचा तिसरा उपाय तो हाच.

महाराष्ट्रातील जुन्या माणसांना हे अपरिचित नव्हते. ज्या घरी मृत्यू झाला, त्या घरी चूल पेटत नाही. आप्त किंवा शेजारी पिठले-भाकरी करून आणतात आणि शोकाकुल माणसाला आग्रह करून दोन घास खाऊ घालतात. त्याला कडू घास म्हणतात. या चालीत अन्न दुःखाशी निगडित आहेच. पण ते एकट्याने, लपून खाल्लेले अन्न नव्हे. ते दुसऱ्याने शिजविलेले, दुसऱ्याने वाढलेले आणि दुसऱ्याच्या देखत खाल्लेले आहे. रडता रडता घास गिळावा, आणि कोणी त्यावरून नाव ठेवू नये, अशी सोय समाजाने करून ठेवली होती. अन्न दुःखावर उपाय होऊच शकत नाही, असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. फक्त त्याला आणणारे माणूस लागते.

अडचण पुढे येते. तेराव्याचे गोड जेवण होते, पाहुणे आपापल्या गावी परततात, आणि दुःख संपल्याची जणू द्वाही फिरते. वर्षश्राद्धापर्यंत डबा घेऊन कोणी येत नाही. ऋग्वेदात एकट्याने खाणाऱ्याला पापाचा धनी म्हटले आहे. ते वचन, धान्य असूनही भुकेल्याला न देणाऱ्या कृपणासाठी होते. ज्याच्या पंक्तीला बसायला कोणी उरलेच नाही, त्याला ते ऐकविणे क्रूरपणाचे होईल. तेथे ते शेजाऱ्यांनी स्वतःला लावून पाहावे. आजारी, एकाकी किंवा नुकतीच दारू सोडलेल्या माणसाच्या घरी, तेराव्यानंतरच्या एखाद्या साध्या मंगळवारी, वाटीभर आमटी घेऊन जाणे आणि ती खाऊन होईतो बसणे, याला कोणत्याही व्रताच्या पुस्तकात नाव नाही.

क्षेत्रावरील महाप्रसादाच्या पंक्तीत एक गोष्ट पाहण्यासारखी असते. घरी अंधारात उभ्याने खाणारी माणसेही तेथे मांडी घालून, उजेडात, अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसतात. मिळेल तेवढेच आणि सर्वांना मिळेल तेच खातात. पुन्हा वाढू का, असे कोणी विचारले तर पुष्कळजण हात आडवा धरतात. कोणी त्यांना निग्रह शिकविलेला नसतो.

वर सांगितलेल्या त्या बाईंच्या घरी पुन्हा जावे. वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले आहेत. रात्रीचे अकरा वाजले आहेत आणि त्या उठल्या आहेत. त्यांनी स्वयंपाकघरातील दिवा लावला. डबा काढला, झाकण वाजले, ते वाजू दिले. दोन करंज्या ताटलीत घेऊन त्या पाटावर बसल्या. करंज्या त्यांना फार आवडत असत, यांना नव्हेत, जे गेले त्यांना. हे आठवले आणि डोळे भरून आले, आणि या खेपेस त्यांनी ते पुसले नाहीत. एक करंजी खाल्ली. दुसरी ताटलीतच राहिली. मग त्यांनी बहिणीला दूरध्वनी लावला. इतक्या रात्री काय झाले, असे बहिणीने घाबरून विचारले. काही नाही गं, करंजी खात होते, चांगली झालीय, असे त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ दोघी बोलत राहिल्या.